माका दिसता

या चौकशीतून निलेशला काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. तारकर्लीच्या त्या रिसॉर्टचं मॅनेजरपद, जे मार्चपासून रिकामं होतं. समुद्राकडे खिडकी असलेली वरची खोली. आणि सासुरवाडीला, जिथे अजून 'जावई ऑफिसात कायतरी करता' असं म्हणत, एकदाचं नीट सांगण्यासारखं काहीतरी. याच्यासमोर खर्च काय? तीन दिवस, चार जबाब, एक अहवाल. असा सौदा समोर आला की देवमाणूससुद्धा आधी आजूबाजूला बघून घेतो. निलेश देवमाणूस नव्हता, वाईटही नव्हता. तो त्याच रिसॉर्टच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळायचा.

प्रकरण एवढंच. पुण्याचा एक पाहुणा सकाळी समुद्रात पोहताना पाण्याच्या ओढीत सापडला. त्याच्या मित्राने त्याला बाहेर काढलं. दुपारी, नारळपाणी पिऊन झाल्यावर, पाहुण्याने लेखी तक्रार दिली: जीवरक्षक जागेवर नव्हता.

जीवरक्षक म्हणजे शिवा. दहा वर्षं किनाऱ्यावरच्या त्या उंच लाकडी खुर्चीवर बसणारा. जबाबात तो म्हणाला, "मी खुर्चेरच होतंय. उडी मारलंय, पण मित्र जवळ होतो, तो आदी पोचलो. किनारो केवढो, माणूस एक. दुसरो माणूस देया म्हणान भाईंका तीनदा सांगलंय." निलेशने पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्यावर 'विषयाबाहेर' अशी पेन्सिलीने खूण केली आणि सोडून दिलं.

भाई म्हणजे मालक. त्यांनी निलेशच्या खांद्यावर हात ठेवला होता. "शुक्रारपर्यंत फाइल बंद कर रे. तो मेलो पावणो इंटरनेटार लिवतलो. मगे तू वरच्या खोलयेत बस."

राहिली साक्षीदार हौसाबाई. बावीस वर्षं आवार झाडणारी. ऑफिसात ती खुर्चीच्या कडेवर बसली, जणू खुर्चीचं वजन तिलाच उचलायचं होतं.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"सुरूच्या झाडांत. सुको पातेरो झाडी होतंय."

"शिवा खुर्चीवर होता?"

हौसाबाईने विचार केला. पाहुणा बुडता बुडता वाचला, म्हणजे काहीतरी चुकलं असणार, असा तो विचार असावा. "नाय असतलो, माका दिसता."

आता हे मालवण सोडून बाहेरच्यांना सांगायला हवं. 'माका दिसता' म्हणजे डोळ्यांना दिसतं असं नव्हे, मनाला वाटतं. बांगडो स्वस्त होतलो, माका दिसता. सून बरी निघतली, माका दिसता. ज्याला दिसतं त्याने काहीही पाहिलेलं नसतं. आणि सुरूच्या झाडांतून ती खुर्ची दिसतच नाही, हे आवारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

निलेश घरी मालवणी बोलायचा आणि ऑफिसात शुद्ध. मधल्या उंबऱ्यावर शब्द चपला काढून आत येत. त्याने लिहिलं: 'घटनेच्या वेळी शिवा खुर्चीवर नसल्याचे मला दिसले.' लिहिताना हात थांबला का? थांबला. स्वल्पविरामाएवढा. मग त्याने जबाब वाचून दाखवला. आपला शब्द ऐकू आला म्हणून हौसाबाईने मान डोलावली आणि अंगठा दिला.

शुक्रवारी फाइल बंद झाली. शिवाला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल काढलं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या रिसॉर्टवाल्यांनी त्याला घेण्याआधी भाईंना एकेक फोन केला आणि फोन ठेवल्यावर घेतलं नाही. शेवटी तो देवगडच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढला. नोव्हेंबरात वारा फिरला. ट्रॉलर परत आला. शिवा आला नाही, त्याचा देहही आला नाही.

निलेश तोवर वरच्या खोलीत बसायला लागला होता. खिडकी छान होती. खिडकीतून खुर्ची दिसायची.

पहिल्यांदा शिट्टी ऐकू आली ती भर दुपारी, वाळू पांढरी झालेली असताना. एक लांब, दोन आखूड, म्हणजे काठाकडे या. शिवाची. निलेशने कान वाजले असतील असं स्वतःला समजावलं, पण खिडकीतून त्याने पाहिलं की पाण्यातली माणसं वळून काठाकडे येत होती. तो खाली धावला. नवा जीवरक्षक, चाळिशीचा भला माणूस, खुर्चीच्या शेजारी उभा होता.

"शिट्टी तू वाजवलीस?"

"नाय, साहेबानू. माका वाटला, वरसून तुमीच वाजयलास."

"मग बसत का नाहीस?"

तो खुर्चीकडे न बघता म्हणाला, "उबो बरो आसंय."

त्या आठवड्यात शिवाची बायको सावित्री आली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. "माका नुकसानभरपाई नको. कागद होयो. गावात म्हणतत, बुडत्या माणसाक सोडून पळालो. माझ्या घोवान एकोणीस माणसां पाण्यातसून भायर काडल्यान. इसावो तो सोतां होतो, तेका काडूक कोण नाय होतो. कोणी बगल्यान तेका खुर्ची सोडताना? बगल्यान तर नाव सांगा. नाय तर तसा लिवन देया."

"बघतो," निलेश म्हणाला. हाही एक शब्दच, न बघणाऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किनाऱ्यावर गेला. हौसाबाई झाडत होती. सगळी वाळू खराट्याने विंचरून काढली होती, फक्त खुर्चीच्या पायाशी हातभर जागा तशीच सोडलेली.

"इथे का नाही झाडलंस?"

"थंय तेचे पाय आसत."

"कोणाचे?"

"शिवाचे. बसलो आसा न्हय. माका दिसता."

निलेशच्या पायाखाली वाळू सरकली, लाट नसतानाही. "म्हणजे वाटतं, का डोळ्यांनी दिसतं?"

हौसाबाई खराटा टेकून उभी राहिली. तिला राग नव्हता, तेच वाईट होतं. "ता माका काय विचारतास? माझ्या बोलण्याचो अर्थ तुमीच लिवलास. तुमकाच ठावक."

त्याने मान वर करून खुर्चीकडे पाहिलं नाही. बघितलं असतं आणि ती रिकामी असती, तर हौसाबाईचं 'दिसता' म्हणजे नुसतं वाटणंच, आणि शिवाविरुद्ध त्याने लिहिलेलं खोटं होतं. रिकामी नसती, तर काय होतं, हे मनात आणायलाही तो तयार नव्हता.

वर जाऊन त्याने कंपनीच्या कागदावर लिहिलं: साक्षीदाराने प्रत्यक्ष काही पाहिले नव्हते, तिचा अंदाज मी पाहणी म्हणून नोंदवला. शिवा खुर्चीवर नव्हता, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नाही. दुसरा जीवरक्षक हवा, असे शिवाने तीन वेळा सांगितले होते. ते वाक्य मी जबाबातून गाळले.

भाईंनी ते वाचलं आणि हसले. "अंगठो कोणाचो?"

"हौसाबाईचा. पण वाक्य माझं."

"अंगठो तिचो, म्हणजे वाक्य तिचा. खोटो जबाब दिल्यान तिना. तिची चौकशी कर, तूच कर. सावित्रीक सांग, साक्षीदार खोटी निघाली. सगळ्यांचा भागला."

"खोटं तिने नाही सांगितलं, भाई. मी लिहिलं."

"तू मॅनेजर आसस, निलेश. मॅनेजर खोटां लिवत नाय." भाईंनी कागद परत सरकवला. "फाड, नायतर खोली सोड."

खाली पाण्यातली माणसं पुन्हा काठाकडे वळली होती. भाईंना काही ऐकू आलं नाही. ते चहात साखर ढवळत होते.

निलेशने ड्रॉवरमधून शिक्का काढला, कागदावर मारला, सही केली आणि स्कूटर काढून सावित्रीच्या दारात गेला. तिने उभ्यानेच दोनदा वाचलं.

"शिक्को आसा?"

"आहे."

"बरा." आणि तिने दार लावून घेतलं.

आता कोणी किती भरलं ते. शिवाने जीव भरला. सावित्रीने नवरा भरला आणि बदल्यात एक कागद मिळवला. तो तिने प्लास्टिकात घालून ठेवला. जे नाही नाही ते बोलले होते, ते आता म्हणतात, आमी खंय बोललो? निलेशने पद आणि खोली भरली. शिवाय घरी बायकोने "आज बांगडो गावतलो काय?" विचारलं की तो पिशवी घेऊन बाजारात बघायला जातो; 'माका दिसता' हे जे उत्तर त्याच्या आईने जन्मभर दिलं, ते आता त्याच्या तोंडातून निघत नाही. पुण्याचा पाहुणा भाईंच्या खर्चाने दोन रात्री राहून गेला. भाईंच्या नावापुढे तेवढंच.

हौसाबाईची चौकशी कुडाळहून आलेल्या एका वकिलाने एका सकाळीत उरकली. जबाब शुद्ध मराठीत होता. वाचून दाखवला नाही, अंगठा मात्र घेतला, आणि दुपारपर्यंत तिला कामावरून काढलं. ज्या बाईला या सगळ्यातून मिळायचं काहीच नव्हतं, तिने बावीस वर्षं भरली, आणि तीही त्याच दिवशी.