आधी कुणाचा आवाज

या, दारात काय उभे राहताय, आत सरकून बसा. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. देवाचं नाव घेणाऱ्या एका गळ्याची गोष्ट सांगते. सुरुवात मात्र कॉम्प्युटरच्या डिस्कपासून आहे. हसू नका, ऐका तरी.

आमच्या वडगावात सिद्राम विणकराचं घर. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाक, आणि मागाच्याच भिंतीला ठोकलेल्या फळीवर कॉम्प्युटर. सिद्रामचा धंदा साड्यांचा, वेड कीर्तनाचं. मच्छे गावच्या रवळूबुवांची कीर्तनं तो तरुणपणापासून टेप करत आला. पुढं कॅसेटना बुरशी धरली तेव्हा त्याच्या मुलानं, विनोदनं, ती सगळी कॉम्प्युटरवर उतरवली आणि कॅसेट टाकून दिल्या. मग बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ओठ हलतात, शब्द येत नाही. तेव्हापासून बुवांचा आवाज म्हणजे ती फळी.

अमावस्येला माग बंद असतात. गल्लीत शांतता फक्त त्या दिवशी, म्हणून ऐकायचं तेही त्याच दिवशी. विनोद सकाळीच मच्छ्याहून बुवांना मोटरसायकलवर बसवून आणायचा. आम्ही शेजारपाजारचे जमायचो. बुवा डोळे मिटून स्वतःचंच कीर्तन ऐकत, आणि जिथं चुकलं असेल तिथं स्वतःवरच मान हलवत. मला तर वाटायचं, माणसानं असंच म्हातारं व्हावं.

त्या अमावस्येला बुवा आले तेच थकलेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा इस्पितळात जायचं होतं. सिद्रामनं कीर्तन लावलं. नामाचा गजर रंगात आला आणि आवाज अडकला. जरा पुढं गेला, परत अडकला. बुवांनी डोळे उघडून हात वर केला. आधी कानाकडं बोट, मग फळीकडं.

आम्ही गप्प झालो. टक. टक. मध्येच दोनदा, टकटक.

"घड्याळ असंल," सिद्राम म्हणाला.

"ते बंद पडलंय दिवाळीच्या आधी," त्याची बायको यल्लव्वा आतून म्हणाली. "घरात हाईसा का न्हाय तुम्ही?"

बुवांनी मांडीवर ताल धरून पाहिला आणि हात सोडून दिला. ती टकटक कुठल्याच तालात बसत नव्हती. विनोद उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर काम करतो, यंत्राचं दुखणं त्याला आवाजावरून कळतं. त्यानं झटकन कॉम्प्युटर बंद केला.

"आप्पा, आता हात लावू नगासा. डिस्क मरायला लागलीया."

"मरू दे की! दुसरी हाय न्हवं? जोडी घेतलती आपण."

त्या घरात साडी असो की भांडं, एकटं येत नाही. डिस्कही तशीच आणली होती, एका दुकानातून, एका दिवशी, एकाच कंपनीच्या दोन. एकीवर कीर्तनं, दुसरीवर त्यांची प्रत, आणि दोघी फळीवर एकमेकींना चिकटून. विनोदनं दुसरी आपल्या लॅपटॉपला जोडली. दिवासुद्धा लागला नाही. ती कधी गेली कुणास ठाऊक; प्रत केल्यापासून उघडून बघितलंच नव्हतं कुणी.

"एका घरातल्या दोन बहिणी सुना करून आणल्या," यल्लव्वा म्हणाली, "एक रुसली की दुसरी बी चालली माहेरी."

सिद्राम मागाजवळ गेला, सुताचा धोटा उचलला, ठेवला, परत उचलला. बुवांच्या समोर बसायला त्याला धीर होईना.

विनोदनं शहापुरातल्या कॉम्प्युटर दुकानाच्या ऋतिकाला फोन लावला. ती म्हणाली, डिस्क घेऊन येऊ नका, मीच येते. पिशवीत दोन नव्या डिस्क टाकून ती स्कूटरवरून आली. आल्या आल्या फळीवर हात ठेवून तिनं विचारलं, "काका, ही फळी हलते का?"

"छे! भक्कम हाय. मी सोता ठोकलीया."

"माग चालू असताना?"

"तवा बी न्हाय."

"न्हाय कसं?" यल्लव्वा पुढं आली. "वरचा तांब्या रोज चालत चालत कडंला येतोय की. मी सांजंला परत मागं सारती."

ऋतिकानं तांब्या उचलून खाली ठेवला. आता मला सांगा, यात चूक कुणाची? जन्मापासून मागाच्या धडधडीत झोपलेली माणसं ही. माग थांबला की यांना जाग येते. हादरा म्हणजे काय, हे त्यांच्या अंगाला ठाऊकच नाही.

"आत चकती गरगर फिरते, आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतर ठेवून वाचणारी सुई," ऋतिका म्हणाली. "तिला रोज असं हलवल्यावर काय होणार? ही नवी एसएसडी घ्या, हिच्यात फिरणारं काही नाही. पण हिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. ही जाताना टकटकसुद्धा करत नाही. आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवलीत तर विसरते. म्हणून दुसरी फिरणारीच, पण वेगळ्या कंपनीची, आणि ती या घरात ठेवायची नाही."

"कोगनोळीला आत्याकडं ठेवू," विनोद म्हणाला.

"ते नंतर ठरवा रं!" सिद्राम ओरडला. "आधी बुवास्नी भाईर काढा!"

ऋतिका शांतपणे म्हणाली, "पुण्याला अशा डिस्क उघडणारे आहेत. पाठवायची तर परत सुरू न करता पाठवलेली बरी. महिना-दोन महिने लागतील, आणि निघेलच असंही नाही. इथं सुरू केली तर एखाददुसरं कीर्तन हाती लागेल, पण बाकीचं कायमचं जाऊ शकतं."

"मग पुण्यालाच..." सिद्राम बोलत होता, तोवर बुवांनी जोरात मान हलवली. जमिनीवर बोट टेकलं. इथं. आत्ता. महिना-दोन महिने त्यांच्याकडं आहेत की नाहीत हे त्यांनी आम्हाला सांगायची गरज नव्हती.

"बरं. मग कुठलं आधी?" ऋतिकानं विचारलं.

"रामनवमीचं," सिद्राम लगेच म्हणाला. "त्या दिवशी बुवा बुवा नव्हतं, साक्षात..."

बुवांनी त्याचा हात धरला. दोन्ही तळव्यांनी टाळ वाजवल्यासारखं केलं आणि अंगठ्यानं आपल्या पाठीमागं दाखवलं. पुन्हा टाळ, पुन्हा मागं. विनोदला वाटलं, उशी हवी. बुवा चिडले.

"भरमू," यल्लव्वा एकदम म्हणाली. "बुवा भरमूचं मागत्यात."

भरमू म्हणजे बुवांच्या मागं उभा राहणारा टाळकरी. फाउंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे भरायचा. पाळी सुटली की केसातल्या वाळूसकट येऊन उभा राहायचा. बुवांचा श्वास जिथं संपायचा तिथून तो चरण उचलायचा. मागल्या वर्षी गेला.

"अवो बुवा, ते बिघडल्यालं कीर्तन," सिद्राम काकुळतीला आला. "माईक मागं पडलता. तुमचा आवाज लांबनं, आन् भरमूच सगळीकडं. दुसऱ्या कुठल्या कीर्तनात त्यो इतका ऐकाय येत न्हाय..."

आणि बोलता बोलता त्यालाच कळलं. तो खाली बसला.

ऋतिकानं जुनी डिस्क सुरू केली. टक. नावं दिसली. विनोदनं भरमूचं कीर्तन धरून नव्या डिस्कवर ओढलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायची, थांबायची. टकटक. यल्लव्वानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. पट्टी अर्ध्यावर अडली तेव्हा सिद्राम उठून परसात गेला, परत आला, परत गेला. बुवा तेवढे स्थिर बसले होते.

पट्टी भरली. ऋतिकानं लगेच नव्या डिस्कवरून लावून बघितलं. लांबून बुवांचा चरण आला, आणि तो संपायच्या आत भरमूचा भरड, मोकळा गळा खोलीभर झाला. बुवांचे ओठ हलू लागले. यावेळी भरमूच्या मागून ते चरण उचलत होते.

रामनवमीचं कीर्तन पाव भागही आलं नाही. एकदा खरडल्यासारखा आवाज झाला आणि डिस्क गप्प झाली.

आता ती पुण्याला आहे. तिकडून अजून धड उत्तर नाही. फोन वाजला की सिद्राम माग थांबवून धावतो. एसएसडी स्वयंपाकघरात, दुसरी कोगनोळीला, आणि अमावस्येला आत्याला विचारणं होतं, उघडून ऐकलंस का? बुवा इस्पितळात आहेत. विनोद रोज कामावरून तिकडं जातो आणि मोबाईलवर तेच एक कीर्तन लावतो. काय होईल ते पांडुरंगाला ठाऊक. माझ्या जिवाला तर चैन नाही.

बुवांची आठवण ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्यांना अख्खा मुलूख ओळखतो. भरमूचं नाव कुठल्या फलकावर कधी लागलं नाही. कीर्तनाला बसाल तेव्हा एकदा मागं उभ्या असलेल्यांकडं बघा, आणि आमच्या भरमूची आठवण काढा.