मालकाचा रकाना

घरातलं माणूस जातं, तेव्हा मागे रडणारी माणसं उरतात आणि वस्तू उरतात. माणसांची समजूत घालायला नातलग येतात. वस्तूंची किंमत ठरवायला मात्र वेगळाच माणूस येतो. मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घ्यायचं तर घरातल्या चमच्या-वाटीपर्यंत यादी लागते. ती करणाऱ्याला मूल्यमापक म्हणतात. तुमच्या-आमच्या घरी तो अजून आला नसेल, पण कधी ना कधी येईल. तेव्हा ही गोष्ट जरा कान देऊन ऐका.

आपल्या गोष्टीतला मूल्यमापक बावीस वर्षं हेच काम करत होता. हात चपळ होता आणि नजर पक्की होती. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की त्याचं वय सांगायचा. कोणी किंमत वाढवून सांगितली तर ऐकायचा नाही, कमी करून सांगितली तरी ऐकायचा नाही. खोड एकच होती. त्याच्या छापील तक्त्यात पाच रकाने असत: क्रमांक, वस्तू, स्थिती, मालक, किंमत. त्यातला मालकाचा रकाना तो आदल्या दिवशी ऑफिसात चहा पिता पिता भरून टाकायचा. पहिल्या ओळीत ‘मयत’, आणि त्याखाली शेवटच्या पानापर्यंत ‘वरीलप्रमाणे’. घर मयताचं, मग वस्तू आणखी कोणाच्या असणार? बावीस वर्षांत कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

त्या दिवशी तो एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. दार थोरल्या मुलाने उघडलं. त्याच्या हातात फोन होता आणि नजर घड्याळावर होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मृत्युपत्रात बाबांनी घरातल्या आपल्या वस्तू दोन्ही मुलांना सारख्या दिल्या होत्या आणि व्यवस्था थोरल्यावर सोपवली होती. यादी उद्या सकाळी कोर्टात द्यायची होती. चार वाजता टेम्पो येऊन सगळं सामान त्याच्या गोदामात नेणार होता, आणि संध्याकाळी किल्ली घरमालकाच्या हातात पडणार होती.

“आणि काकू?” मूल्यमापकाने सहज विचारलं.

“आई माझ्याकडे येणार. तिला आता वस्तू कशाला लागतायत?”

थोरला वाईट नव्हता. आपल्यासारखाच होता, हे आधीच सांगून ठेवतो. धाकटा परगावी होता आणि त्याने फोनवर कधीच होकार देऊन टाकला होता.

बाहेरच्या खोलीत हेडमास्तरांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे मुलांच्या आत्याने, ठाण मांडलं होतं. सगळं घर तिला पाठीमागे फौजदार म्हणायचं, आणि ते तिला माहीत होतं. मूल्यमापकाने टेबलावर एक नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि दोन नंबरची घेऊन तिच्या खुर्चीकडे वळला. आत्या हलली नाही.

“मलाही एक लावा,” ती म्हणाली. “या वयात आपली किंमत किती, ते तरी कळू दे.”

मूल्यमापक हसला, चिठ्ठी खुर्चीच्या पाठीला लावून पुढे सरकला. पुस्तकांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, फ्रीज, लोखंडी कपाट. भराभर नंबर लागत गेले. अडतीस वस्तू झाल्या आणि तो आतल्या खोलीत आला.

खिडकीपाशी शिवणाचं मशीन होतं, पायाने चालवायचं. त्याच्या शेजारी स्टुलावर हेडमास्तरांची बायको बसली होती. सकाळपासून तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेली बाही अडकलेली होती आणि बाजूला निळ्या कापडाची कापलेली थप्पी होती. मूल्यमापक ती थप्पी उचलून बघणार, तोच ती गडबडीने उठली.

“साहेब, ते यादीत घेऊ नका. शाळेतल्या मुलांचे गणवेश आहेत. लोकांचं कापड आहे ते, आमचं नाही.”

“नाही घेत, काकू,” तो म्हणाला. थप्पी त्याने अदबीने बाजूला ठेवली आणि एकोणचाळीस नंबरची चिठ्ठी काढली. काकूंचा हात मशीनवर होता. चिठ्ठीला जागा व्हावी म्हणून त्यांनी तो उचलून घेतला.

दारातून आत्या हे बघत होती.

“साहेब, तो तक्ता जरा इकडे द्या.”

थोरल्याच्या कपाळावर आठी पडली. खाली टेम्पो आला होता. त्याचा हॉर्न वाजला. आत्याने सावकाश चष्मा पुसला, लावला, एकेक पान उलटलं. तिला अजिबात घाई नव्हती आणि त्यानेच बाकीच्यांचा जीव टांगणीला लागला.

“बाकी सगळं काळ्या शाईत आणि मालक तेवढा निळ्या शाईत. हे कधी लिहिलंत?”

मूल्यमापकाला खोटं बोलायची सवय नव्हती. “काल. ऑफिसात.”

“म्हणजे या घरात पाय ठेवायच्या आधी.” तिने शेवटचं पान वर धरलं. “आणि हे बघा. या पानावर अजून एकही वस्तू नाही, पण मालक आहे!”

मूल्यमापकाने पान पाहिलं. वस्तूचा रकाना कोरा होता आणि त्याच्या शेजारी वीस वेळा ‘वरीलप्रमाणे’. इतकी वर्षं हेच पान त्याच्या हाताखालून गेलं होतं. त्याचे कान गरम झाले.

“आत्या, उगाच फाटे फोडू नकोस,” थोरला म्हणाला. “घर बाबांच्या पगारावर चाललं. मशीनही त्यांनीच घेतलं असणार.”

आत्याने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती भावजयीकडे वळली. “लोकांचं कापड लोकांचं, हे बरं बोलता आलं तुला. मग मशीन कोणाचं ते का बोलत नाहीस?”

“राहू द्या ना, वन्सं. पोटच्या पोरांसमोर हे माझं, ते माझं करत बसू? ते काय बरं दिसतं?”

“अगं, घरात कधी माझं म्हणाली नाहीस, हा तुझा चांगुलपणा. पण हा कागद कोर्टात जाणार. कोर्टाला चांगुलपणा दिसत नाही, रकाना दिसतो. आज तू गप्प बसलीस तर मशीन गोदामात जाईल, हे गणवेश तसेच राहतील आणि उद्यापासून तू सुनेच्या घरात रिकाम्या हातांनी बसशील. चालेल तुला?”

काकूंची बोटं निळ्या कापडाची कड सरळ करत राहिली.

मूल्यमापकाला मात्र त्या क्षणी दुसरंच काही आठवलं. एका घरी एक बाई त्याच्या पेनाकडे एकटक बघत उभी होती. आणखी एका घरी एकीने भांड्यांच्या फडताळाला हात लावला आणि मागे घेतला. दुःखात आहेत, असं समजून त्याने पान उलटलं होतं. अशा किती जणींच्या वस्तू आपण ‘वरीलप्रमाणे’ करून टाकल्या, याचा हिशेब त्याला लागेना.

त्याने पेन खिशात ठेवलं. दुसरं स्टूल ओढून काकूंच्या समोर बसला आणि बावीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

“काकू, हे मशीन कोणाचं?”

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

“साहेब, उशीर होतोय,” थोरला कडक आवाजात म्हणाला. “तुमची फी मी देतोय.”

“फी तुम्ही देता. सही मी करतो.” मूल्यमापक जागचा हलला नाही.

काकूंनी मशीनचा खण उघडला, बॉबिन आणि खडू बाजूला सारले आणि खालून एक जाडजूड वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची वही. तिच्या पहिल्या पानावर एक पिवळी पडलेली पावती होती. चिकटवलेली नव्हे, चारही कडांनी बारीक टाके घालून शिवलेली. पावतीवर मशीनचा नंबर होता, काकूंचं माहेरचं नाव होतं आणि तारीख होती लग्नाच्या दोन वर्षं आधीची.

“शिवण शिकवायचे मी तेव्हा,” त्या म्हणाल्या. “हे मी माझ्याबरोबर आणलं. हरवू नये म्हणून पावती शिवून ठेवली. कोणी कधी विचारलंच नाही.”

थोरल्याने वही हातात घेतली. खरं-खोटं करायलाच घेतली असणार. पण पान उलटलं तर समोर त्याचीच मापं. इयत्ता पहिली: उंची, छाती, बाही. मग दुसरी, तिसरी. एके वर्षी शेजारी लिहिलं होतं, ‘फार वाढतोय, दुमड तीन बोटं ठेवणे.’ पुढे बऱ्याच पानांनंतर: ‘कोट, नोकरीच्या मुलाखतीसाठी. खांदा डावा किंचित उतरता, आतून अस्तर जाड घालणे, त्याला कळू नये.’

त्याचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. तो कोट बाबांनी दुकानातून आणला, असं तो आजवर सगळ्यांना अभिमानाने सांगत आला होता. तो खाली मान घालून तिथेच जमिनीवर बसला. त्याला फार लाज वाटली.

“आई,” जरा वेळाने तो म्हणाला, “आणखी काय काय तुझं आहे?”

“फ्रीज माझ्या शिवणाचा. लोखंडी कपाटही. टेबल त्यांचं, पुस्तकं त्यांची, घड्याळ त्यांचं. त्यांचं ते त्यांचंच लिहा, साहेब, त्यात खाडाखोड नको.” त्या थांबल्या, आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला. “आणि आता विचारतोच आहेस, तर मी कुठे राहायचं तेही मला विचार.”

थोरल्याने मान वर केली. हे त्याने खरोखरच विचारलं नव्हतं! टेम्पो ठरवला, किल्लीची वेळ ठरवली, आईची खोलीही ठरवली, पण विचारलं नव्हतं.

त्याने विचारलं. त्यांना इथेच राहायचं होतं, खिडकीतल्या उजेडात. भाडं शिवणातून निघत होतं. थोरला उठला आणि त्याने घरमालकाला फोन लावून किल्ली मिळणार नाही म्हणून सांगितलं. टेम्पो फक्त टेबल, घड्याळ आणि पुस्तकांचं कपाट घेऊन गेला. आत्या मात्र दोन नंबरच्या खुर्चीतून शेवटपर्यंत उठली नाही, त्यामुळे खुर्ची राहिली.

मूल्यमापकाने मशीनवरची चिठ्ठी नखाने हळूच सोडवली, कोरा तक्ता घेतला आणि मालकाचा रकाना ओळीओळीला विचारून भरला. दुप्पट वेळ लागला.

घरी गेल्यावर बायकोने पाणी आणून दिलं. त्याने तिला विचारलं, “आपलं ते कोपऱ्यातलं कपाट कोणाचं गं?”

ती दचकली. “का? कोण गेलं?”

“कोणी नाही. म्हणूनच विचारतोय.”

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. लगेच काही तिला सांगता येईना.

मंडळी, एका छताखाली राहणाऱ्या प्रत्येकाच्या कष्टाला त्याचं नाव मिळायला हवं, आणि ते माणसं हयात असताना मिळायला हवं. मेल्यानंतर विचारणारा कोर्टाच्या कामाला आलेला माणूस असतो. आज तुम्ही तुमच्या घरी विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा.