मुकादमाची नवरी

आमच्या यांनी सरडा पाळला तेव्हा मी काही बोलले नाही. लोकांचे नवरे दारू पितात, पत्ते कुटतात, तमाशामागे गावोगाव हिंडतात. माझ्या नवऱ्याने खाकी शर्टाच्या खिशातून एक सरडा घरी आणला, एवढंच. हे पळसदरी स्टेशनवर सांधेवाले होते, गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचे खटके ओढायचे. तिथेच खडीत हा सापडला, मागचा पाय चेंगरलेला. यांनी त्याला हळद लावली, जाळीच्या कपाटात ठेवलं आणि कपाटातलं दूध बाहेर काढलं. ते दूध मांजर प्यायलं, तेव्हा मात्र मी बोलले.

सरड्याचं नाव ठेवलं मुकादम. दिवसभर उंच जागी बसायचं, दुसऱ्यांकडे बघून मान डोलवायची आणि स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, म्हणून मुकादम. ही गोष्ट रुळांवर काम करणाऱ्या गँगच्या खऱ्या मुकादमाच्या कानावर गेली, तेव्हा तो आठ दिवस यांच्याशी बोलला नाही. आमचा मुकादम दिसायला मात्र ऐटदार होता. पाठीवर काटे, गालफडं फुगलेली, गळ्याखाली दाढीसारखी सैल कातडी. नाकतोडे खायचा, झुरळं खायचा आणि खाटेच्या फटीतले ढेकूण तर वेचून वेचून खायचा.

त्या ढेकणांनीच घोळ केला. आधी सगळ्या चाळीत बोंब होती की सरडा लांबून बघूनच माणसाचं रक्त पितो, म्हणून तर त्याचा गळा लाल होतो. पण आमच्या खाटेवर ढेकूण उरले नाहीत हे कळल्यावर त्याच बाया दारात येऊन विचारू लागल्या, "जये, याची पिल्लं व्हनार हायत का गं? झाली तर एक मला ठेव."

झालं. यांच्या डोक्यात किडा वळवळला. मुकादमाला जोडीदारीण आणावी काय? पुढचा महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी भाकरी थापताना तो, रात्री अंथरूण घालताना तोच.

"एकला पडलाय गं तो," हे म्हणायचे.

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"बघ ना, कसा बसतो त्वांड पाडून."

"सरड्याचं तोंड तसंच असतं."

माझं म्हणणं साधं होतं. सरडी एका वेळेला पंधरा-वीस अंडी घालते, मातीत पुरते आणि पाठ फिरवून निघून जाते. पुढचं बघायचं कुणी? मी. वीस पिल्लांना रोज वीस वीस मुंग्या वेचायच्या कुणी? मीच. आणि मागणाऱ्या बायांचं काय खरं? आज तोंडभर मागतील, उद्या पिल्लू सासूच्या अंबाड्यात शिरलं की चपलेने ठेचतील. मी यांना सांगितलं, पिल्लू कुणाच्या हाती द्यायचं त्याची चप्पल कुठे ठेवलेली असते ते आधी बघा. यांना पटलं होतं. खरंच पटलं होतं. तेवढ्यात कुंभिवलीहून धोंडूवन्सं आल्या.

धोंडूवन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. यांची आई लवकर गेली, तेव्हा यांना आक्कानेच वाढवलं, त्यामुळे आक्कापुढे यांच्या तोंडाला कुलूप. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्या बारा वर्षांत वन्संनी मला काय काय खायला घातलं ते मी सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. कडू पाला, भस्म, कसल्या मुळ्या. गळ्यात ताईत, कमरेला काळा दोरा, मंगळवारी निर्जळी. प्रत्येक वेळी त्या यायच्या, माझ्या पोटाकडे बघायच्या आणि उसासा टाकायच्या. माझ्या तोंडाकडे बघितल्याचं मला आठवत नाही.

या वेळी उसासा टाकून त्यांनी कपाटाकडे बघितलं.

"या घराला पोरांचा वाराच नाय," त्या म्हणाल्या. "मानसाला नाय नि सरड्यालाबी नाय."

"आक्का, त्याला अजून बायकूच नाय," हे म्हणाले.

"मंग आना की! आनि आईक, चांगो. हाच कौल समज. होळीला याची जोडी लावायची. आखातीपर्यंत सरडीनं अंडी घातली, तर मी पुन्ना त्वांड उघडनार नाय. नाय घातली, तर खालापूरची सुंदरा या घरात येईल. तिच्या बापाशी मी बोलून ठेवलंय."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवीपुढे कौल लावतात, मूर्तीवर फुलं चिकटवतात आणि डावं पडलं की उजवं ते बघतात. माझ्या संसाराचा कौल सरड्यावर लागला, मुदत होळी ते अक्षय्य तृतीया.

"दुसरी केली तर रेल्वे नोकरीवरून काढते, वन्सं," मी म्हणाले. "कायदा आहे तसा. दहा वर्षं झाली त्याला."

"रेल्वेला सांगतंय कोन?"

मी यांच्याकडे बघितलं. हे मुकादमाची पाठ खाजवत बसले होते. माझा नवरा वाईट नव्हता हो, पण त्या वेळी त्याचा मला इतका राग आला की हातातला तांब्या फेकून मारावा असं वाटलं. मारला नाही. उलट मी गोड आवाजात म्हणाले, "चालेल, वन्सं. पण नवरी मी शोधून आणीन."

आता आतली गोष्ट सांगते. मुकादमाची जाळी साफ करायचं काम वर्षभर माझ्याकडे होतं. हातात धरून धरून सरड्यातला नर कसा ओळखायचा ते मला पक्कं कळलं होतं. नराच्या शेपटीचं बूड जाड असतं आणि तिथे अंगठ्याने हलकेच दाबलं की जे काही असायचं ते बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी मी धरणाच्या बांधावर गेले. गवताच्या काडीचा फास करून दुपारपर्यंत चार सरडे धरले. त्यांतल्या दोन सरड्या होत्या. त्या मी सोडून दिल्या. उरलेल्यांत जो जास्त तगडा नर होता, तो पदरात बांधून घरी आणला आणि सगळ्यांना सांगितलं, ही घ्या नवरी.

का, म्हणून विचाराल. सरडीने अंडी घातली तर मी राहणार आणि नाही घातली तर जाणार, असा माझा संसार मी एका सरडीच्या पोटावर टांगणार नव्हते. आणि दुसरंही एक होतं. मला बघायचं होतं, या बाया काय करतात ते.

होळीला लग्न लागलं. आमच्या आगऱ्यांत लग्नाचं सगळं धवलारणीच्या हातात. ती धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते, देवांना बोलावते, ती म्हणेल तेव्हा हळद आणि ती म्हणेल तेव्हा तांदूळ. आमच्या भागातली धवलारीण गोदूबाई. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिच्या गळ्यातून गेलेली. तिला मस्करी म्हणून बोलावलं होतं, पण ओटीवर बसून एकदा गळा लावल्यावर गोदूबाईला मस्करी जमत नाही. तिने मुकादमासाठी पूर्ण धवला गायला. हळदीचं बोट लावलं. मग दोघांना समोरासमोर खाटेवर सोडलं.

मुकादमाने नवरीला बघितलं, पुढचे पाय ताठ केले आणि जोरजोरात मान वर-खाली केली.

"हो म्हनतोय गं नवरदेव!" बाया ओरडल्या.

नवरीनेही मान हलवली. मुकादमापेक्षा जोरात.

"नवरीबी हो म्हनते!"

मग दोघांचे गळे फुगले आणि बघता बघता लालभडक झाले. गोदूबाईने कानशिलावर बोटं मोडली. "कुंकू चढलं गं पोरीला! तेज बघा!" मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. दोन नर एकमेकांना 'ये, फाडतो तुला' म्हणत होते आणि वर तांदूळ पडत होते.

तिसऱ्या दिवशी नवरीने मुकादमाचं बोट तोडलं. वन्सं म्हणाल्या, अवदसा सून आहे. कपाटात मध्ये फळी टाकून दोन खोल्या केल्या आणि रोज सकाळी एकदा दोघांना भेटवायचं ठरलं. रोज सकाळी माना डोलत, गळे लाल होत आणि मग चावाचावी.

पंधरा दिवसांनी बाया म्हणू लागल्या, नवरीतच खोट आहे.

मी याचीच वाट बघत होते. मला वाटलं होतं, हसू येईल. आलं नाही. वन्संनी मुक्काम ठोकला होता. त्यांनी नवरीच्या तोंडात काडीने कडू पाल्याचा रस घातला. शेपटीच्या वर काळा दोरा बांधला. मंगळवारी तिचे नाकतोडे बंद केले. मुकादमाला मात्र मूठमूठ नाकतोडे, का तर पुरुषाच्या अंगात ताकद पाहिजे. त्याचा पाय अधू होता, वय झालेलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच्याकडे कुणी एक वाकडा डोळा केला नाही. मी बारा वर्षं जे गिळलं, ते नवरी झालेला तो मुका जीव गिळताना बघून मला रडू यायचं. सगळ्या झोपल्या की दुपारी मी त्याला मागच्या दाराने झुरळं भरवायची आणि सांगायची, थोडे दिवस सोस बाबा.

आखातीला वन्संनी सगळ्यांना बोलावलं. ओटीवर बाया, अंगणात पुरुष. गोदूबाईही आली होती. वन्संनी कपाटातली माती सगळ्यांसमोर चाळली. एकही अंडं नाही.

"कौल झाला," वन्सं म्हणाल्या. "जये, माजं तुज्याशी वैर नाय. पन वांझोट्या पोटाला कोन काय करनार? चांगो, उद्या खालापूरला जायचं."

हे भिंतीला टेकून खाली बघत उभे.

मी कपाट उघडलं आणि नवरीला हातात घेतलं. "जायच्या आधी नवरीला एकदा नीट बघा, वन्सं," असं म्हणून तिला उताणी केली आणि शेपटीच्या बुडाशी अंगठा दाबला.

देवाने पुरुषाला एक दिलंय. सरड्याला दोन दिलीत. दोन्ही बाहेर आली.

ओटीवरच्या सगळ्या पदरांनी एकदम तोंडं झाकली. गोदूबाई मात्र वाकून अगदी जवळ आली, बघितलं आणि फतकल मारून खालीच बसली. "अगो बाय माजे! दोन नवरदेवांचं लगीन लावलं गं मी!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग सगळ्या अंगणाला हसू फुटलं. गँगचा खरा मुकादम तर तोंडावर टोपी धरून हसत होता.

वन्सं एकट्याच हसत नव्हत्या. "तुला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्या दिवसापासून. दीड महिना तुम्ही याला पाला पाजलात, दोरे बांधलेत, उपाशी ठेवलंत. उलटून बघावं असं एकीच्याही मनात आलं नाही." माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरायचा नव्हता. "माझंही बारा वर्षं तेच केलंत. तुमच्या भावाला कधी कुणी उलटून बघितलं?"

हसणं तुटलं. अंगणातले पुरुष आपापल्या पायांकडे बघू लागले. मी म्हटलं ते खरं होतं, पण चारचौघांत म्हणायचं नव्हतं, हे मला म्हणताक्षणी कळलं. यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आता हे काय करतील, एवढंच डोक्यात होतं.

हे भिंतीपासून बाजूला झाले. पुढे आले, माझ्या हातातला सरडा घेतला, त्याच्या शेपटीवरचा काळा दोरा नखाने तोडून टाकला.

"उद्या रजा टाकतो," हे म्हणाले. "करजतला डाक्तरकडं जातो. माजी तपासनी करून घेतो."

"येड लागलंय का तुला?" वन्सं किंचाळल्या. "आनि तुज्यातच खोट निगाली तर?"

"तर जयेला दुसरा नवरा बघ, आक्का," हे शांतपणे म्हणाले. "सुंदरेसाठी माजं घर बघितलंस, तसंच एक बरं घर हिच्यासाठी बघ."

आक्काला भावाने उलट उत्तर दिल्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं, आक्काने तर नाहीच. मी सगळ्यांदेखत रडले. लाज वाटली नाही.

पिल्लांचा विषय तिथेच मिटला. संध्याकाळी आम्ही दोघांनी ते दोन नवरदेव धरणाच्या बांधावर दोन टोकांना नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी हे खरंच कर्जतला गेले, धुतलेला शर्ट घालून. डॉक्टर काय म्हणाला ते यांना ठाऊक आहे आणि मला. धोंडूवन्सं त्यानंतर तीन वेळा कुंभिवलीहून खास विचारायला आल्या. तिन्ही वेळा मी त्यांना चहा दिला.