डावीकडची की उजवीकडची

चौथीच्या बाईंना संशय यायला फार काही लागायचं नाही. खडू मोडला तरी त्या आधी 'कुणी मोडला' हेच विचारायच्या. पण भिंगरीच्या बाबतीत त्यांच्या संशयाला कारण होतं.

भिंगरी ही वर्गातली सगळ्यात चुळबुळी मुलगी. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. चार अंकी संख्यांचा लहान-मोठेपणा शिकवायला घेतला आणि तिचं एक नवलच दिसू लागलं. बाई फळ्यावर दोन संख्या लिहायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. "सांग, मोठी कुठली?" भिंगरी उभी राहायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "उजवीकडची." बरोबर. पुन्हा विचारलं की, "डावीकडची." तेही बरोबर! तेच कागदावर दिलं की मात्र सगळा आनंदीआनंद. ९१२ ही ४०७८ पेक्षा मोठी, कारण नऊ हे चारापेक्षा मोठे.

तोंडी सगळं बरोबर आणि लेखी सगळं चूक? बाई मनाशी म्हणाल्या, कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिला संशय शेजारी बसणाऱ्या मॉनिटरवर. ती गणितात पटाईत, आणि चेहरा असा की आपण त्या गावच्याच नाही.

"तू सांगतेस हिला?"

"नाही बाई, शप्पथ!"

"शपथ मागितली का मी?" बाईंचा संशय उलट वाढलाच. त्या बाकाखाली दोघींचे पाय बघू लागल्या, बोटं बघू लागल्या. काहीच सापडेना. शेवटी त्यांनी भिंगरीला एकटीलाच पहिल्या बाकावर, अगदी आपल्यासमोर बसवलं. तिथून तर ती आणखी पटापट उत्तरं द्यायला लागली. मग बाईंनी खिडकी लावून घेतली. बाहेर कुंड्यांना पाणी घालणारे शिपाईकाका बिचारे बघतच राहिले.

एके दिवशी बाईंचं डोकं चढलं होतं. त्यांनी डावीकडे ५२९७ लिहिलं, उजवीकडे ५३०१. घाईत नजर सत्त्याण्णववर गेली आणि डावीकडचीच मोठी, असं त्यांनी मनात धरलं.

"मोठी कुठली?"

"डावीकडची," भिंगरी म्हणाली.

"शाब्बास. बस."

मॉनिटरचा हात वर. "बाई, उजवीकडची मोठी आहे. हजार दोन्हीकडे पाचच आहेत, पण शतकाच्या घरात इकडे दोन आणि तिकडे तीन."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक त्यांची होती, मनातल्या मनात केलेली. मग भिंगरीनं नेमकी तीच चूक कशी केली? तिला उत्तर फोडणारं माणूस मॉनिटर नव्हतं, शिपाईकाका तर नव्हतेच.

बाईंनी नव्या दोन संख्या लिहिल्या आणि वर्गाकडे पाठ करून तशाच उभ्या राहिल्या. "सांग भिंगरी, मोठी कुठली?"

मागून बारीक आवाज आला, "बाई, इकडे बघा ना."

शाळा सुटल्यावर भिंगरीची आई तिला न्यायला आली. पार्लरमधल्या कामावरून थेट आलेली, ओढणीवर कापलेले केस तसेच. "काय केलं हिनं?" आल्या आल्या तिनं विचारलं. आता संशयानं बघायची पाळी तिची होती.

"काही नाही केलं. ही माझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखते."

"तुमची हनुवटी वर जाते," भिंगरीनं खालमानेनं सांगितलं. "मोठ्या आकड्यापाशी नजर आल्यावर."

आई हसली नाही. लेकीला चप्पल घालायला बाहेर पाठवून ती हळूच म्हणाली, "हिच्या वडिलांचा काही नेम नसतो, बाई. घरात पाऊल टाकायच्या आधी ही त्यांचं तोंड बघते. मगच बोलायचं की नाही ते ठरवते."

इतके दिवस आपण पोरीला चोर समजत होतो, हे बाईंना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात चार खुर्च्या ओळीनं मांडल्या: हजार, शतक, दशक, एकक. चार, सात आणि आठ असे आकडे गळ्यात अडकवून तीन मुलं बसवली. शतकाची खुर्ची रिकामी.

"इथं कुणीच नाही, मग खुर्ची कशाला?" भिंगरी म्हणाली.

"काढून बघ."

तिनं खुर्ची ओढून काढली. चाराला सरकवून साताच्या शेजारी बसवलं आणि एकदम ओरडली, "अगं बाई! चार हजाराचे चारशे झाले!" आणि धावत जाऊन खुर्ची परत ठेवली.

आठवडाभर खुर्च्यांचा खेळ चालला. मग एकदा बाईंनी फळ्यावर ३०९९ आणि ३१०० लिहिलं. मुद्दाम हनुवटी वर करून, चांगलं हसून ३०९९ कडे पाहिलं आणि विचारलं, "मोठी कुठली, भिंगरी?"

भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग फळ्याकडे पाहत हवेतच बोट एकेका घरावरून नेलं.

"एकतीसशे मोठी," ती म्हणाली. "तुम्ही रागवा हवं तर."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसल्या.