डॉक्टरांच्या मुलांच्या तोंडात कापूस

म्हातारे दंतवैद्य निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाहेरच्या खोलीतली दवाखान्याची खुर्ची त्यांनी कुणाला हलवू दिली नव्हती. त्या खुर्चीशेजारी सल्लागार बाई येऊन बसल्या. वृद्धांना त्यांच्या देखभालीचे निर्णय स्वतः घ्यायला मदत करणं, हे त्यांचं काम. गेल्या महिन्यात डॉक्टर न्हाणीघरात घसरले आणि मुलांनी त्यांची वाटणी करून टाकली: अर्धं वर्ष मुलीकडे, अर्धं मुलाकडे. डॉक्टरांना घर सोडायचं नव्हतं. पण ते सांगायला कुणी सवड देईल तर ना.

"डॉक्टर, सकाळी कधी उठायला आवडतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"पहाटेच उठतात," मुलगा म्हणाला.

"पहाटे कुठले? उन्हं वर येईपर्यंत लोळतात," मुलगी म्हणाली.

"मी त्यांना विचारलं."

"हो, मग तेच तर सांगतोय आम्ही."

असं तीन प्रश्न चाललं. मग डॉक्टर काठी टेकत उठले, कपाटातून कापसाच्या सुरळ्या काढल्या आणि मुलीसमोर उभे राहून जुन्याच सुरात म्हणाले, "आ कर."

मुलगी पन्नाशीची, शाळेची मुख्याध्यापिका. तिने आ केला. दोन्ही गालांत एकेक सुरळी बसली. मुलानेही निमूट तोंड उघडलं, वर "नीट घासत नाहीस" हेही ऐकून घेतलं.

"आं ऊं ऑं आं," मुलगी तावातावाने म्हणाली.

"काय म्हणतात त्या?" बाईंनी विचारलं.

भरल्या तोंडाचं बोलणं ऐकण्यात डॉक्टरांची हयात गेली होती. मुलीचं वाक्य त्यांना लख्ख कळलं: बाबांना एकटं ठेवलं तर लोक आम्हाला नावं ठेवतील.

"म्हणते, बाबांचं घर, बाबांची मर्जी."

मुलीने डोळे वटारले. मुलगाही काहीतरी घुमला. त्याने बाबांसाठी खोली रंगवून घेतली होती म्हणे.

"तो म्हणतो, ताईचं बरोबर आहे."

बाई हसल्या नाहीत. "डॉक्टर, त्यांच्याकडून होकार वदवून घ्यायचा खटाटोप कशाला? तुम्हाला काय हवंय, ते सांगा."

आता मध्ये बोलणारं कुणी नव्हतं, तर डॉक्टरच उरलेल्या सुरळ्या मोजत बसले. शेवटी ते म्हणाले, "मला इथंच राहायचंय. पण न्हाणीघराची भीती वाटते. अंघोळीला पगारी माणूस हवा. लेकीसमोर मी उघडा बसणार नाही, आणि हा पाठ चोळतो की कढई घासतो, तेच कळत नाही. माणूस मी निवडणार. गाणी म्हणणारा नको."

मुलीने गालातला कापूस काढला. "भीती वाटते, हे कधी बोलला नाहीत ते?"

"तू कधी विचारलंस?"

ती जरा चाचरत म्हणाली, "बरं, आणि रात्री, बाबा? रात्री उठावं लागलं तर काय करायचं?"

"थांब. विचार करू दे," डॉक्टर म्हणाले.

मुलाने कापसासकट तोंड उघडलं. मुलीने त्याच्या पायावर पाय दिला. तिघंही त्यांच्याकडे बघत थांबली. डॉक्टरांनी विचाराला भरपूर वेळ घेतला, गरजेपेक्षा अंमळ जास्तच.