श्वसन, भाग पहिला

तिसरीच्या वर्गाने प्रार्थनेनंतर श्वास घेतला, आणि मधली सुट्टी झाली तरी तो सोडला नव्हता.

मुलं रडत नव्हती. बोलतही नव्हती, कारण बोलायला श्वास सोडावा लागतो. ती फक्त भरत चालली होती. सदऱ्यांची बटणं ताणली होती आणि खिडकीजवळची साक्षी बाकापासून वीतभर वर आली होती.

चूक काय झाली ते अवंती रणखांबेला आत्ता कळलं. बी.एस्सी. करून ती नुकतीच या शाळेत लागली होती आणि विज्ञानाचे ॲनिमेशन व्हिडिओ स्वतः बनवायची. व्हिडिओ लहान ठेवा, पोरांचं लक्ष उडतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. म्हणून तिने श्वसनाचे दोन भाग पाडले. आज प्रार्थनेनंतर दाखवलेल्या पहिल्यात निळे बाण नाकातून आत जात, फुप्फुसं फुगत, आणि शेवटी अक्षरं येत: उरलेलं पुढच्या भागात. पुढचा भाग अजून बनलाच नव्हता.

खिचडीचं पातेलं घेऊन कौसाबाई दारात आल्या.

"आज लई गुमान बसलीत. दम दिला का काय, बाई?"

"श्वास घेतायत," अवंती म्हणाली. "सोडायचा मी अजून शिकवला नाही."

कौसाबाईंनी वर पाहिलं. साक्षी आढ्यापाशी पोचली होती.

"पंखा तेवढा बंद करा मग," त्या म्हणाल्या आणि पातेलं ठेवून गेल्या.

अवंतीने लॅपटॉप उघडला. वर्गातली हवा विरळ होत होती. टेबलावरचे कागद मुलांच्या नाकांकडे सरकत होते. तिने घाईघाईने भाग दुसरा बनवला. बरगड्या खाली, श्वासपटल वर, लाल बाण बाहेर. तो प्रोजेक्टरने भिंतीवर लावला. मुलांनी छताखालून तो पाहिला, श्वास सोडला आणि अलगद बाकांवर उतरली.

अवंतीला हायसं वाटलं. पण मुलं श्वास सोडतच राहिली. गाल बसले, मग खांदे. पहिल्या बाकावरची दोघं पुठ्ठ्याइतकी पातळ झाली. या भागात आत येणारे बाण नव्हतेच.

तिने भाग पहिला लावला. मुलं भरली. दुसरा लावला. रिकामी झाली. दोन्ही भाग जोडायला थोडी उसंत हवी होती, पण मुलं हुशार होती; दर खेपेला आधीपेक्षा लवकर शिकत होती.

मुख्याध्यापक वाघमोडे सर मोबाइल बघत आत आले.

"झकास, मॅडम. सगळा वर्ग एका तालात."

"सर, मला इथून हात काढता येत नाही."

"काढूच नका. तुमचा पहिला भाग मी सकाळीच शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तालुकाभर लावलाय म्हणे. एकाही शाळेतून आवाज नाही. विचारतायत, दुसरा कधी?"

"पाठवायला हे थांबवावं लागेल."

"मग थांबवा की. दोन मिनिटांचं तर काम."

पहिला. दुसरा. पहिला.

खिडकीतून माळापलीकडची शाळा दिसत होती. तिच्या छपरावरचं एक कौल उचललं गेलं, मग शेजारचं. त्या भोकातून निळ्या सदऱ्यातलं एक मूल सावकाश वर आलं. त्याच्या पायाला धरून दुसरं.