गढकालिकेची सुरई

मी बोलतेय, माधव नगरातल्या एका घराच्या परसातली मातीची सुरई. माझं वय विचारू नका. मला घडवणाऱ्या कुंभाराचं नाव उज्जैनसुद्धा विसरलं. त्याने माझं तोंड हात जाईल एवढं रुंद ठेवलं होतं आणि पोटावर काळ्या रंगात हरणांची रांग काढली होती. पुढे मी गढकालिकेच्या टेकाडात गाडली गेले आणि कित्येक शतकं निवांत पडून राहिले. खरं सांगते, माणसांपेक्षा माती बरी.

मला वर काढलं विष्णुपंतांनी. ते ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत ओव्हरसियर. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रस्त्यासाठी खणताना मी सापडले. त्यांनी वरिष्ठांना खड्डा दाखवला, तर वरिष्ठ म्हणाले, "कार्तिक मेळ्यातून आणून इथे पुरलीत ना? बढतीसाठी काय काय करतील लोक!" पुढच्याच वर्षी संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, आणि नव्या खात्यात खोटारड्याला जागा मिळाली नाही. बायको आधीच गेली होती. म्हातारा मला धोतरात गुंडाळून लेकीच्या, जयूच्या घरी आला.

बापाने लेकीच्या घरी राहणं म्हणजे काय, ते मी कोनाड्यातून पाहिलं. "आणखी एक पोळी, विष्णुपंत? संकोच नको हं, मुलीचंच घर आहे!" जयूची सासू अहल्याबाई असं गोड आवाजात विचारायच्या आणि म्हाताऱ्याचा हात ताटावर आडवा यायचा. जावई सुहास पेपरमधून डोकं वर काढत नसे. बापलेक दोन शब्द बोलली, की लगेच आतून यायचं, "काय शिकायत चाललीय आमची?" शेवटी त्या दोघांनी बोलणंच सोडलं.

आपण खोटं बोललो नव्हतो, हे एखाद्या सरकारी माणसाने तोंडाने म्हणावं, एवढाच म्हाताऱ्याला ध्यास होता. छप्पन साली पुरातत्त्वाचे एक साहेब आले. माझ्या आत तळाशी राखेची माती आणि जळके गहू घट्ट बसले होते, ते त्यांनी निरखून पाहिले.

"यही मिट्टी आपकी गवाह है," साहेब म्हणाले. "मैं उस गड्ढे की मिट्टी लाकर मिला लूँगा। तब तक इसे धोना मत। नवंबर में दफ़्तर भोपाल चला जाएगा, उसके पहले आऊँगा।"

जयू तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत होती. परक्या पुरुषापुढे सुना बसत नसत. अहल्याबाई मात्र पडद्याआड उभ्या होत्या. त्यांचे पाय मला दिसत होते.

ऑक्टोबरात ग्वाल्हेरला अहल्याबाईंचे दीर वारले आणि घराला सुतक आलं. सुतक फिटलं की मातीची भांडी बाहेर टाकायची, हा रिवाज. माठ गेला, मडकी गेली, मग अहल्याबाईंचं बोट माझ्याकडे वळलं.

विष्णुपंतांनी हात जोडले. "सुरई माझी आहे. मी मुलीचा बाप, मला तुमचं सुतक लागत नाही."

"तुम्हाला नसेल. कोनाडा तर आमचा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत साहेबांना आणायला देवास गेटच्या बस अड्ड्यावर गेले. ते जाताच अहल्याबाई सुनेला म्हणाल्या, "जाऊ दे, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं? फेकू नकोस. राखेने घास, गोमूत्र शिंपड, झालं शुद्ध."

जयूला इतका आनंद झाला! तिने मला मांडीवर घेतलं आणि नारळाच्या शेंडीने घासत बसली. सांगायला लाज वाटते, पण मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी अंगावरून हात फिरवला नव्हता. अहल्याबाईंनी आत बोट घालून पाहिलं. "अजून मिट्टी आहे की. खरवड." जयूने उलथन्याने खरवडलं. माती गेली आणि राखेबरोबर हरणंही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात ना, तसं झालं.

साहेब आले ते मातीची पुडी घेऊनच. त्यांनी माझ्या आत बोट फिरवलं, ते स्वच्छ निघालं.

"अब मैं क्या लिखूँ, पंतजी? लिखना पड़ेगा, स्थान अज्ञात।" त्यांनी पुडी खिशात घातली आणि चहा न घेताच निघाले.

"कोणी घासली?" विष्णुपंतांनी विचारलं.

जयू हसत दारात आली. "मी, बाबा! सासूबाई टाकून देणार होत्या, मी वाचवली."

"अगं, धुऊ नका म्हणून साहेब बजावून गेले होते," अहल्याबाई म्हणाल्या. "तुला बापाने सांगितलं नाही?"

जयूचं हसू तोंडावर तसंच राहिलं. विष्णुपंत आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळी अहल्याबाईंनी मला कोनाड्यातून उचललं. "अज्ञात ना? मग संडासात पाण्याला होईल."

आता रोज सकाळी जयू मला भरून संडासाच्या दाराशी ठेवते आणि विष्णुपंत मला उचलून आत नेतात. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. म्हातारा मला फार जपतो. मी फुटले तर नवं भांडं अहल्याबाईंकडे मागावं लागेल. तुम्ही कधी या घरी आलात, तर माझ्यावर एवढी कृपा करा. परसात जाताना पायाने मला एक धक्का द्या, आणि तुमच्याकडून फुटली म्हणून अहल्याबाईंना सांगा, म्हणजे म्हाताऱ्याला काही मागावं लागणार नाही.